भुंग्याचा खुंटा

"घे बाई, घे. पण खांब हातानं हलवून बघितल्याबिगर घेऊ नको," असं तनुजानं लातूरहून फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. "आणि मशीनच्या तोंडाचे आटे त्याला बसतेत का, ते आधी इचार. मी पहिला स्टँड असाच सस्तातला घेतला होता. भोक पाडायला गेलं की आधी खांब हालायचा, मग टेबल हालायचा, मग मी."

सालेहा तेव्हा एका हातानं फोन कानाशी धरून दुसऱ्या हातानं अलीझाला खिचडी भरवत होती. खिचडीतला जिऱ्याचा दाणा न् दाणा ती वेचून बाजूला काढत होती, कारण पोरगी दोन वर्षांची आणि जिरं घशात अडकलं म्हणजे? "हो गं, बघते," ती म्हणाली. आणि बघितलं नाही.

वास्तविक बेफिकिरी सालेहाच्या स्वभावात औषधालासुद्धा नव्हती. घरात द्राक्षाचे चार तुकडे होत. भिंतीतल्या सगळ्या प्लगांना चिकटपट्ट्या लावलेल्या, त्यामुळे मोबाइल चार्ज करायचा तर आधी दहा मिनिटं नखानं पट्टी उकरावी लागे. लातूरच्या कॉलेजात तिनं फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं. तेव्हापासून जगातली प्रत्येक वस्तू खाली पडायची वाट बघतेय, यावर तिचा पक्का विश्वास बसला होता. तनुजा तिची तेव्हाची बाकावरची मैत्रीण. ती आता लातुरात घरच्या घरी लाकडी झुमके करून विकायची, म्हणजे भोकं पाडणं हा तिचा रोजचा धंदा. तिचं ऐकायला हवं होतं. पण आयुष्यभर भीत राहिलेल्या माणसाला एखाद्या दिवशी उगीच धाडस सुचतं, आणि ते नेमकं नको तिथं सुचतं.

हे स्टँडचं प्रकरण उपटलं ते सासऱ्यांमुळे.

निजामोद्दीन म्हणजे नांदेडच्या इतवारा भागातले जुने घडीसाज. अडतीस वर्षं एका हातरुंद दुकानात, डोळ्याला काचेची नळी लावून त्यांनी अख्ख्या गावाची वेळ सांभाळली. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. सालेहा त्यावर इंटरनेटवरची चाळीस पानं वाचून रीतसर घाबरली. अब्बा मात्र कुणाला काही बोलले नाहीत. एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला. त्यांनी तो चौथ्यांदा उचलून बसवला, शटर ओढलं आणि किल्ली घरमालकाला देऊन घरी आले.

तेव्हापासून घरात 'थरथर' हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा अलिखित कायदा झाला. अब्बा स्वतः त्याला थंडी म्हणत. "जरा थंडी वाजून राहिली," असं ते मे महिन्यात, नांदेडात, पंख्याखाली बसून म्हणत आणि मोठी माणसं माना डोलावून खिडकी लोटून घेत.

दुकान बंद झाल्यावर तीन महिने ते ओट्यावर बसून राहिले. बोलणं नाही, चालणं नाही. भिंतीवरच्या एकुलत्या एका घड्याळाला दिवसातून दोनदा चावी देत. ते सेलवर चालायचं, हे त्यांना ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? मग रमजान आला. रोज इफ्तारनंतर खजुराच्या बिया साठायला लागल्या आणि एका दुपारी अब्बांनी त्यातली एक बी उचलून डोळ्याला नळी लावली.

दोन्ही टोकं घासायची, पाठ कानसेनं गुळगुळीत करायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक भोक पाडायचं आणि तेहतीस बिया रेशमात ओवून तसबीह, म्हणजे जपाची माळ, करायची. दारांच्या कड्या घासायला म्हणून मुज्तबानं, म्हणजे सालेहाच्या नवऱ्यानं, एक हातात धरायची छोटी रोटरी मशीन आणली होती आणि एकदा वापरून विसरला होता. ती अब्बांनी शोधून काढली. बटण दाबलं की ती अशी गुणगुणायची की अलीझानं तिला बघताक्षणी 'भुंगा' म्हटलं. घरात तेच नाव पडलं.

अब्बा बोलायला लागले. जुम्म्याच्या नमाजला जाताना खिशात एक तसबीह असायची, येताना नसायची. नायगावची बहीण, धर्माबादचे व्याही, समोरच्या दुकानातले हमाल, सगळ्यांना एकेक गेली. फक्त डाव्या हाताच्या चिमटीत बी, उजव्या हातात भुंगा आणि भुंग्याला थंडी वाजायची. एका महिन्यात तीन बोटांना तीन पट्ट्या लागल्या. त्याही अलीझाच्या डब्यातल्या, जिराफाच्या चित्राच्या.

मुज्तबा औषधांच्या एजन्सीत होता. पट्ट्यांचा खप कुठं वाढला हे त्याला वासावरून कळायचं.

"अब्बा, हे बोटाला काय?"

"जिराफ हाय."

"जिराफाच्या खाली काय हाय?"

"बोट हाय. अजून कुठं गेलं नाय."

"अब्बा, मी एकदाच सांगतो," मुज्तबा म्हणाला. तो रागावला की आवाज न चढवता शब्दांमध्ये जागा सोडायचा. "आता. अजून. एक पट्टी दिसली. की भुंगा माळ्यावर. आणि शिडी मी गल्लीत कुणाला तरी देऊन टाकीन."

सालेहाची झोप उडाली ती तेव्हापासून. बोट गेलं तर? आणि बोट न जाता भुंगाच माळ्यावर गेला तर? ओट्यावरचे ते तीन महिने तिनं बघितले होते. सेलच्या घड्याळाला चावी देणारा माणूस बघायला किती वाईट असतो, हे तिला बोटाच्या जखमेपेक्षा जास्त माहीत होतं. अब्बांचं बोटही राहिलं पाहिजे आणि भुंगाही राहिला पाहिजे. मग उपाय एकच. भुंगा हातात धरायचाच नाही. त्याला स्टँडमध्ये उभा आवळायचा, खालच्या पाटावर बी ठेवायची आणि दांडा खाली ओढायचा. तनुजाकडे असतो तसा.

पण असा स्टँड अब्बांसाठी आणला म्हणजे तुमचा हात हलतो, असं तोंडावर सांगितल्यासारखं झालं. म्हणून तिनं जाहीर केलं, "मला अलीझासाठी लाकडी मणी करायचेत. त्यासाठी मी एक स्टँड मागवतेय. माझ्यासाठी."

"लाकडी मणी?" अब्बा म्हणाले. "पोरगी गिळली तर?"

पहिल्यांदाच घरात तिच्या आधी दुसऱ्या कुणाला हे सुचलं होतं.

मोबाइलवर तिनं पस्तीस स्टँड बघितले. चांगले होते ते भुंग्याच्या चौपट किमतीचे. स्वस्तातला एक होता, अकराशेचा, फोटोत चांगला तोफेसारखा दिसत होता. खालचे अभिप्राय तिनं सगळे वाचले. एकानं पाच चांदण्या देऊन लिहिलं होतं, 'उत्तम वस्तू, अजून उघडली नाही.' दुसऱ्यानं एक चांदणी देऊन लिहिलं होतं, 'डिलिव्हरीवाल्यानं जिना चढायला नकार दिला.' खांबाबद्दल कुणीच वाईट बोललं नव्हतं. तिनं 'बिस्मिल्ला' म्हणून बटण दाबलं.

चौथ्या दिवशी खोकं आलं. अर्ध्या किलो बालूशाहीच्या डब्याएवढं.

"उरलेला उद्या येणार का?" अब्बांनी विचारलं.

फोटोत लोखंडी दिसलेला भाग लोखंडी रंगाचा निघाला. पाट तेवढा खरा लोखंडी, खांब पोकळ नळीचा, वरचा हात प्लास्टिकचा. भुंग्याच्या तोंडाचे आटे स्टँडच्या कड्यात काही केल्या बसेनात. सोबत तीन स्क्रूंचं एक दुसरं कडं होतं, ते इतकं सैल की भुंगा त्यातून आरपार खाली आला. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्याला कसाबसा आवळला. अब्बांनी डोळ्याला नळी लावली, खांबाला दोन बोटं लावली आणि हळूच हलवलं. खांब हलला. त्यांनी बोटं काढून घेतल्यावरही जरा वेळ हलत राहिला.

"दुल्हन," अब्बा म्हणाले. घरात बोलणं दखनीतच चालायचं, इथं ते मराठीत उतरवलं आहे, पण सून म्हणजे दुल्हन, त्याला इलाज नाही. "हा खांब हाय की अलीझाचा पडायला आलेला दात?"

"अब्बा, अलीझाचे दात अजून यायलेत."

"मग तेच्याहून वाईट."

"चालेल. माझं काय, चार मणी करायचे."

"हौ, हौ. तुझं हाय, तू चालव," अब्बा म्हणाले आणि खुर्ची ओढून परीक्षकासारखे समोर बसले.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं आधी खोलीच्या दाराशी आडवी फळी लावली म्हणजे अलीझा आत येऊ नये. मग ओढणी कमरेला खोचली, स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, काच खाली केली, आणि लाकडाचा मणी नव्हताच म्हणून खजुराची एक बी पाटावर ठेवून दांडा ओढला. खांब डावीकडे गेला, भुंगा उजवीकडे, आणि बी कुठं गेली ते कळलंच नाही. दोन क्षणांनी स्वयंपाकघरातून वरणाच्या पातेल्यात काहीतरी टपकल्याचा आवाज आला.

अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुकान बंद झाल्यापासून ते असे हसले नव्हते. फळीपलीकडून अलीझानंही टाळ्या पिटल्या. सालेहा हेल्मेटच्या आत लाल झाली होती, पण अकराशे वसूल झाले असं तिला त्या घडीला वाटून गेलं.

"दे इकडं," अब्बा डोळे पुसत म्हणाले. "चालवत नाय मी. तुझं तुला राहू दे. फक्त सर्विसिंग करून देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सालेहा आधी स्वयंपाकात आणि मग अलीझाच्या आंघोळीत गुंतलेली असताना, अब्बांनी सर्विसिंग केलं. म्हणजे काय केलं, तर अडतीस वर्षं जे केलं तेच. स्टँडचा प्रत्येक तुकडा सुटा करून पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडला. पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून सगळं स्वच्छ धुतलं. वरच्या हाताला खांबावर उचलून धरणारी कमान, म्हणजे स्प्रिंग, त्यांना फार ताठ वाटली, म्हणून तिचे दोन वेढे कापून टाकले. आणि मग घड्याळाच्या तेलाची ती चिमुकली बाटली काढून खांबाला वरपासून खालपर्यंत तेल दिलं. थोडंथोडकं नाही, मनापासून. खांबावरून हात असा सरकायला लागला की लोण्यातून सुरी जावी.

ते बघून त्यांना राहवलं नाही. स्टँड दुल्हनचा, हे खरं. पण सर्विसिंगनंतर घड्याळ चालवून बघतातच की. टेबलावर क्रोशाचा जाळीदार टेबलक्लॉथ होता, सालेहाच्या सासूबाईंनी हयात असताना विणलेला. त्यावर स्टँड ठेवला, शेजारी बत्तीस बियांची वाटी, चहाचा कप. तेहतिसावी बी पाटावर. भुंगा सुरू केला आणि दांड्याला हात लावण्याआधीच वरचा हात आपणहून, सावकाश, मोठ्या अदबीनं खाली यायला लागला. तेल दिलेला खांब आणि कापलेली कमान, त्याला थांबवणार कोण? भुंग्याची सुई बीतून गेली, पाटाच्या भोकातून गेली, खाली जाळीत घुसली आणि जाळी गुंडाळायला लागली.

सालेहा न्हाणीतून साबणाच्या हातानं धावली तेव्हा टेबलक्लॉथ सरसर भुंग्याकडे निघाला होता. त्याच्यावर बसून वाटी निघाली होती, कप निघाला होता, अब्बांच्या कुर्त्याची उजवी बाही वीतभर अंतरावर होती, आणि अब्बा दोन्ही हात वर करून मागं सरत होते. "अब्बा, बटण!" "बटण टेबलक्लॉथच्या आत हाय!" तिनं भिंतीतल्या प्लगकडे झेप घेतली. तिथं अर्थात चिकटपट्टी नव्हती, कारण वायर आत होती. एक हिसडा, आणि सगळं शांत झालं. कप मात्र तेवढ्यात खाली गेला.

आणि नेमका तेव्हाच मुज्तबा जेवायला घरी आला.

त्यानं चहाचं तळं बघितलं. खोलीभर विखुरलेल्या बिया बघितल्या. टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला, प्रेतासारखा उताणा पडलेला भुंगा बघितला. "झालं," तो म्हणाला. "माळ्यावर."

"का?" अब्बा म्हणाले.

"का? अब्बा, का म्हणून विचारता?"

"तू काय म्हणाला होता? पट्टी दिसली की माळ्यावर. कुठं हाय पट्टी? दाखव." आणि अब्बांनी दोन्ही हात मुलासमोर पुढं केले. तळवे वर, मग तळवे खाली. दहाच्या दहा बोटं. "मोज. एक तरी जिराफ दिसला तर सांग."

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. पण हात पुढं राहिले आणि सगळ्यांनाच दिसले. त्या घरात इतक्या महिन्यांत अब्बांनी हात असे उघडे धरले नव्हते. कायम मांडीखाली, खिशात, नाहीतर शालीत. उजवा हात पाण्यावरच्या पानासारखा हलत होता. अब्बांच्याही ते ध्यानात आलं, पण आता मागं घेणार कसे? मुज्तबा बघत राहिला. सालेहा साबणाचे हात ओढणीला पुसत राहिली. फळीवरून कशी कोण जाणे ओलीचिंब अलीझा आत आली, जमिनीवरची एक बी उचलून तिनं दादाअब्बांच्या तळव्यावर ठेवली, आणि ती बी तिथं नाचायला लागल्यावर खूश होऊन दुसरी आणायला पळाली.

"थंडी हाय जरा," अब्बा म्हणाले.

"हौ," मुज्तबा म्हणाला. "बरंच ऊन पडलंय बाहेर. तरी हाय थंडी." मग खाकरून, "इतवारपर्यंत. तोवर हा खांब हलायचा थांबला आणि तुमचं बोट सुईच्या जवळ जायचं थांबलं, तर भुंगा राहील. नाहीतर मला काही बोलू नका."

इतवार, म्हणजे रविवार, चार दिवसांवर होता. सालेहानं तनुजाला व्हिडिओ कॉल लावला, आणि पहिलं वाक्य मान खाली घालून बोलली, "तू म्हणली होतीस."

"मी लई गोष्टी म्हणते. कंची?"

"खांब."

तनुजानं 'हलवून बघितला न्हाईस ना?' एवढंच विचारलं. ती त्या दिवशी सासरी रेणापूरला होती. तिच्या खांद्यावरून एक मिशाळ चेहरा फोनात डोकावला. ते तिचे सासरे हणमंतराव, शेतकरी माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेल दिल्याचं कळताच फोन सुनेच्या हातातून काढून घेतला.

"घडीसाज कुठं हायेत? बोलवा त्यास्नी."

अब्बा फोनसमोर आले. सलाम-रामराम झाला.

"घडीसाज, गाडीच्या आसाला वंगण घालतेत, बरूबर?"

"बरोबर."

"खुंट्याला कुणी वंगण घालतं का?"

अब्बांनी वळून टेबलावरच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाले, "हणमंतराव, अडतीस वर्षं माझ्यापुढं जे आलं ते बंद पडलेलंच आलं. त्याला हलतं करायचं, एवढंच मला येतं. हलतंय त्याला गप्प करा, असं कुणी म्हणलंच नाय."

"आमचं उलटं," हणमंतराव म्हणाले. "म्हस हालती, पोरं हालतेत, ठेका घेतलेला गुत्तेदार हालतो. एक खुंटा तेवढा गप उभा रहायला पायजे. पाचर मारा. फटीत पाचर बसली की हालायची बिशाद न्हाई त्याची. आन खालून जड काहीतरी आवळा. बुड हालकं तर मुंडकं हालतंय."

त्यापुढं अर्धा तास ती दोन म्हातारी माणसं एकमेकांना फोनमधून फटी दाखवत बसली. तनुजानं तिकडं भाकरी थापल्या, सालेहानं इकडं पोरीला झोपवलं. मधूनच ऐकू येई, "आवं, बाभळीची पाचर!" आणि उत्तर, "नक्को, बाभूळ जाड पडेल, इथं केसाएवढी फट हाय."

मग अब्बांनी जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात अडतीस वर्षांच्या मेलेल्या घड्याळांच्या कमानी होत्या. पातळ, निळसर पोलादी फिती, आयुष्यभर गुंडाळून राहिलेल्या. त्यांतली एक त्यांनी कात्रीनं तोडली, सरळ केली आणि खांब पाटात बसतो तिथल्या फटीत सरकवली. पुरली नाही. दुसरी घातली. तिसरी अर्धीच गेली, तिथं ते थांबले. खांबावरचं तेल त्यांनी चुलीच्या राखेनं पुसून काढलं, आणि ते करताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांच्याकडून चोरी करून घेतंय. वरच्या हाताची नवी कमान हार्डवेअरच्या दुकानातून आणली. पाटाला खालून सागवानी फळी आवळली, फळी टेबलाला. टेबलक्लॉथ कायमचा कपाटात गेला. आणि बी धरायला बोट नकोच, म्हणून लाकडाच्या ठोकळ्यात बीच्या आकाराची खाच कोरली. बी त्या खाचेत उभी राही, वरून छोटा खिळा फिरवला की घट्ट.

शनिवारी सालेहानं खांबाला हात लावून बघितला. जोर लावला. टेबल हललं, फळी हलली, ती स्वतः हलली, खांब नाही हलला.

"आता तू चालव," अब्बा म्हणाले. "स्टँड तुझा हाय."

"अब्बा, मला भीती वाटते," ती म्हणाली. हे अगदी खरं होतं, त्यामुळं फार सोपं गेलं. "मण्यांचं राहू द्या. तुम्हीच वापरा ना."

अब्बांनी तिच्याकडे नळी न लावता नीट बघितलं. "पहिल्यापासून तुला मणी करायचेच होते ना?"

"हो."

"खोटं बोलताना तू डावा कान धरतीस," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

इतवारी मुज्तबा परीक्षा घ्यायला आला. अब्बांनी कुर्त्याच्या बाह्या दुमडल्या, बी खाचेत उभी केली, खिळा फिरवला, डावा हात उचलून चक्क मांडीवर ठेवला. उजव्या हातानं दांडा ओढला. दांड्यावर हात थरथरत होता, ते दिसत होतं. पण दांड्याला वर आणि खाली एवढ्याच दोन वाटा होत्या. भुंगा सरळ उतरला, सरळ वर आला. अब्बांनी बी काढून खिडकीसमोर धरली. अलीकडून पलीकडचा उजेड दिसला, मधोमध.

तेहतीस बिया झाल्या. सालेहा पूर्ण वेळ श्वास धरून उभी होती आणि अठराव्या बीला तिला चक्कर आली, म्हणून ती खाली बसली. बोटांना काही झालं नाही.

मुज्तबानं तेहतीसही बिया उलटून पालटून बघितल्या. मग, बाप लोकांपुढं मुलं करतात तेच त्यानं केलं. "बघू, मी करतो एक," म्हणाला. खाचेत बी ठेवली, खिळा फिरवायचा कंटाळा केला आणि बी अंगठ्यानं दाबून धरली.

"खिळा," अब्बा म्हणाले.

"हौ, एकच तर—"

जिराफाची शेवटची पट्टी मुज्तबाच्या अंगठ्याला लागली. ती लावली अब्बांनी, थंडी वाजणाऱ्या हातानं, तीन प्रयत्नांत. पट्टी वाकडी बसली. मुज्तबानं अंगठा मागं ओढला नाही.

"आता पट्टी दिसली," अब्बा म्हणाले. "बोल. माळ्यावर कुणाला टाकायचं? भुंग्याला की तुला?"

तेव्हापासून भुंगा खाली आहे. रोज दुपारी जोहरच्या नमाजनंतर इतवाऱ्यातल्या त्या घरातून गुणगुण ऐकू येते. खांब पक्का झाल्यावरची पहिली माळ मात्र मशिदीत गेली नाही. हणमंतरावांना जपायला म्हणून अब्बांनी त्या तेहतिसांत भर घालून एकशे आठ बियांची माळ केली आणि तनुजाच्या हाती रेणापूरला पाठवली. हणमंतरावांनी फोन करून विचारलं, "घडीसाज, हिचा एक मणी डुगडुगत कसा न्हाई? हितंबी पाचर मारली का काय?"

सगळं बेस झालं. आणि आता सालेहाला लातूरला जायचंय. तिच्या धाकट्या बहिणीचं, हुमाचं, बाळंतपण आहे, अम्मीला एकटीला झेपायचं नाही. चांगले पंधरा दिवस. मुज्तबा जेवून गेला की संध्याकाळपर्यंत एजन्सीत. अब्बा घरी एकटे, भुंगा एकटा. तिनं कॅमेरा बसवू का म्हणून विचारलं, तर अब्बा म्हणाले, "बसव. त्याच्यावर टोपी घालतो." समोरच्या मल्लम्मांना तिनं सांगून ठेवलंय. त्या देगलूरकडच्या, मनानं मोठ्या. "बगते की गं," म्हणाल्या, "पण अडीच ते चार माझी सीरियल असती." अब्बांची भोकं पाडायची वेळ अडीच ते चार.

म्हणून सालेहा भेटेल त्याला सांगत सुटलीय, आणि तुम्हालाही सांगतेय. दुपारी इतवाऱ्यात काही कामानं येणं झालंच, तर हिरव्या दाराच्या घरात जरा डोकवा. दार नुसतं लोटलेलं असतं. बाह्या दुमडल्यात का आणि डावा हात मांडीवर आहे का, एवढंच बघा. तिनं पाठवलं असं अजिबात म्हणू नका. बंद पडलेलं घड्याळ दाखवायला आलो म्हणा, आणि खरंच एखादं घेऊन जा, नाहीतर त्यांना कळतं. गुणगुण ऐकू आली तर बसा, चहा मिळेल. नाही आली, तर आधी हाक मारा. हाकेला ओ नाही आली, तर सालेहाला फोन लावा. पहिल्या रिंगलाच उचलेल ती.